चाल झूत्रा विणकराची

ओरहाय
पहिल्या तेश्रीनची वीस तारीख, ग्रीकांच्या गणतीचं वर्ष सातशे अकरा

शल्मतताईला अग्गाईकडून शांती असो.

अकरा वर्षांनी लिहितो आहे. आधी ओळख द्यावी की काय, असं क्षणभर वाटलं. मी तुझा धाकटा भाऊ. बाबांचा माग आणि बाबांची सभा, दोन्ही सोडून शहरात आलो आणि बाप्तिस्मा घेतला. आता मी इथल्या चर्चमध्ये डीकन आहे, बिशपांच्या हाताखालचा सेवक. पन्नाशी जवळ आली. दात सगळे आहेत, झोप कमी झाली आहे. बाबा गेल्याचा निरोप दोन वर्षांपूर्वी पोचला होता. मी आलो नाही. त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन.

आज एक काम आहे. तुमची सभा म्हणते की देह हा अंगरखा आहे, तो इथेच कुजायचा, जीव तेवढा घरी जातो. आम्ही म्हणतो की शेवटच्या दिवशी देहही उठेल. यावर आमच्या गुरुजींनी पाच ग्रंथ लिहिले आणि तुमच्या बाजूने तीन उत्तरं आली. हे आठही ग्रंथ मिळून शहरात चाळीस माणसांनी वाचले असतील. गाणी मात्र सगळं शहर गातं. रविवारी आमचं प्रवचन ऐकून बाई घरी जाते आणि कणीक मळताना बाबांचं कवन म्हणते. तिला त्यात काही वावगं वाटत नाही. चाल गोड आहे, एवढंच तिला ठाऊक.

म्हणून बिशपांनी सांगितलं की ग्रंथ पुरे झाले, आता गाण्याला गाण्याने उत्तर द्या. चाली त्याच ठेवायच्या, शब्द आपले घालायचे. आमच्याकडे व्रत घेतलेल्या बायका आहेत, त्या मिरवणुकीत दोन बाजूंनी गातात. मी आतापर्यंत सहा कवनं रचली. सातवं अडलं आहे ते बाबांच्या अंगरख्याच्या चालीवर. 'उंबऱ्यापाशी अंगरखा काढून ठेवला' हे सुरू होतं, तिसऱ्या ओळीपर्यंत, म्हणजे 'अंगरख्या, तुझं ओझं झालं' इथपर्यंत मी येतो, आणि मग चाल हातातून निसटते. गेले दोन महिने मी तिथेच पडतो आहे.

ती चाल आता फक्त तुला येते. मला देशील का?

तुझा भाऊ
अग्गाई

०

कफ्र-रम्मोना
दुसऱ्या तेश्रीनची नऊ तारीख

अग्गाई, तुला शांती असो, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

चोराने घरात शिरून धनिणीलाच विचारावं की बाई, हंडा कुठे ठेवलाय, तसं तुझं पत्र आहे. बाबांना मूठमाती द्यायला यायला तुला रस्ता सापडला नाही. चालीसाठी बरोबर सापडला. तुझ्या बिशपांना एक विचार. शब्द विषारी असतील तर त्याच भांड्यातली चाल कशी चालते?

तुझं पत्र मी सभेत वाचून दाखवलं. सभा म्हणजे आता आम्ही नऊ जण, त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही म्हणून ते प्रत्येक गोष्टीला हो म्हणतात. बाकीचे म्हणाले, देऊ नकोस. म्हातारा बर-शब्बा म्हणाला, "आपली शेतं घेतली, लेकरं घेतली, आता गळाही मागतात." तो तुझ्यावर इतका चिडला की जेवायचं थांबला. मग डाळ गार होते म्हणून जेवला.

पण मी रात्रभर नाही, दोन दिवस विचार केला. माझ्या दोन्ही मुली तुमच्याकडच्या घरांत पडल्या. त्यांना चाल शिकवायला गेले की सासू विचारते, हे कुणाचं. सभेतल्या कुणाचा गळा आता वर चढत नाही. मी मेले की चाल गेली. तुझ्या तोंडी गेलेली मला आवडणार नाही, पण मातीत गेलेली त्याहून आवडणार नाही.

म्हणून देते. एक अट आहे. कवनाच्या डोक्यावर, ते कुठल्या चालीत म्हणायचं ते कळावं म्हणून, जुन्या गाण्याची पहिली ओळ लिहायची रीत तुमच्याकडेही आहे. तिथे बाबांची ओळ लिहायची. त्यांचं नाव लिही असं मी म्हणत नाही. तेवढी छाती तुझ्याकडे नाही, हे मला माहीत आहे. ओळ लिही.

चाल काही पत्रात घालून पाठवता येत नाही. गाणारं माणूस पाठव. तू येऊ नकोस.

शल्मत

०

ओरहाय
दुसऱ्या तेश्रीनची चोवीस तारीख

ताई, शांती असो.

अट मान्य. ओळ लिहीन. शब्द देतो.

हे पत्र घेऊन तबीथा येते आहे. आमच्या व्रतस्थ बायकांमध्ये ती सगळ्यांत थोरली. साठी उलटली आहे, डाव्या कानाने कमी ऐकते, पण एकदा शिकलेलं विसरत नाही. तिच्या बोलण्याचा राग मानू नकोस. ती बिशपांनाही तशीच बोलते.

तिच्याबरोबर एक यादी पाठवतो आहे. बाबांची मला आठवतात ती चौदा कवनं, प्रत्येकाची पहिली ओळ. एकेक ओळ म्हणजे एकेक चाल. तू एकदा नजर टाक, काही चुकलं असेल तर तबीथाला सांग. अशीच एक यादी इथे बायकांना गाण्याच्या सोयीसाठी दिली आहे आणि एक बिशपांच्या चिटणीसांना, कारण कुठल्या दिवशी काय म्हणायचं ते तेच लावतात.

खारवलेले मासे पाठवले आहेत. तुला आवडायचे.

अग्गाई

०

कफ्र-रम्मोना
पहिल्या कानूनची बारा तारीख

अग्गाई, शांती असो.

तुझी तबीथा सतरा दिवस राहिली. पहिल्या दिवशी माझ्या घरचं पाणी पिईना. म्हणाली, "पाखंड्यांच्या हातचं मला चालत नाही." मी म्हटलं, "मावशी, विहीर तुमच्या चर्चच्या अंगणातली आहे. हात तेवढा माझा." ती जरा विचार करून म्हणाली, "मग हात धुऊन दे."

शब्द ऐकायचे नाहीत असं ती देवाला सांगून आली होती. त्यामुळे मी नुसतं ला-ला म्हणायचं आणि तिने उचलायचं. तीन ओळी दोन दिवसांत आल्या. पुढे मात्र तुझ्यासारखीच पडू लागली. पुन्हा पुन्हा त्याच जागी. ती माझ्यावर वैतागली, मी तिच्यावर. "तुझ्या बापाने चाल बांधली की खड्डा खणला?" म्हणाली.

शेवटी मी तिला मागावर बसवलं. अग्गाई, तुला हे कसं आठवलं नाही? बाबांनी ते मागावर रचलं. आडवा धागा घालायचा आणि मग फणीने दोनदा ठोकायचं. तिसऱ्या ओळीनंतर ते दोन ठोके आहेत. तेवढा वेळ गळा गप्प असतो. तुम्ही शहरातली माणसं रिकाम्या हातांनी गाता, तुम्हाला थांबायचं कळत नाही. न थांबता पुढे गेलं की चाल वाकडी होणारच. तबीथाने दोन वीत पट्टी विणली, अगदीच गचाळ, पण मागावरच्या चौथ्या दिवशी चाल पुरी म्हणाली. मग रडली. मला म्हणाली, "हे पाखंड असेल, पण बांधणारा माणूस देवाला घाबरत होता." जाताना माझ्या हातचं पाणी पिऊन गेली, हात धुवायला न सांगता.

यादी बघितली. तेरा बरोबर आहेत. सातवी चूक. 'शेळी आली, घंटा वाजली, डोळे मीट' हे बाबांचं कवन नाही, ती आईची अंगाई आहे. तुला झोपवताना म्हणायची. देह, जीव, उद्धार असलं त्यात काही नाही. एक शेळी आहे. तबीथाने तिच्या यादीत ती ओळ खोडली आहे. तूही खोड.

मासे खारट होते. संपवले.

शल्मत

०

कफ्र-रम्मोना
शबातची सहा तारीख

अग्गाई,

काल बिशपांच्या कचेरीतला एक माणूस आणि सुभेदाराचे दोन शिपाई आले. सभेत बसून त्यांनी एक यादी वाचली. या ओळींची कवनं जिथे लिहिलेली सापडतील ती जप्त करायची, असा हुकूम. चौदा ओळी होत्या.

सातवी त्याने वाचली, "शेळी आली, घंटा वाजली." मग वर बघून विचारलं, "शेळी म्हणजे कोण?"

बर-शब्बा म्हणाला, "शेळी म्हणजे शेळी."

"यात काहीतरी गुप्त अर्थ असणार."

"असेल," बर-शब्बा म्हणाला, "आमच्या शेळीने तरी सांगितला नाही."

त्याला एक थप्पड बसली. फार जोरात नाही.

आईची अंगाई बाबांची समजणारा माणूस या जगात एकच आहे. त्यामुळे यादी कुणी केली ते मला कुणी सांगायची गरज नाही.

बाबांचं पुस्तक नेलं. त्यांनी स्वतःच्या हाताने कातड्याच्या पानांवर लिहिलेलं ते एकच होतं. आम्ही नऊ जण, पुस्तक एक. आता नऊ जण आहोत.

पुन्हा लिहू नकोस.

शल्मत

०

ओरहाय
अदारची तीन तारीख

ताई,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितो. वाचणं न वाचणं तुझ्याकडे.

यादी मीच केली. त्यासाठी केली नव्हती. तुझं पत्र हातात घेऊन मी चिटणीसांकडे गेलो. म्हटलं, "ती यादी गाण्यासाठी होती." ते म्हणाले, "अहो डीकन, इतकी नेटकी यादी आमच्याकडे कधी आलीच नव्हती. तुमच्या नावाने मी बिशपांपाशी दोन चांगले शब्द बोललो आहे." त्यांनी मला अंजीर खायला दिलं. मी खाल्लं. हेही लिहितो, कारण दुसरं काही केलं असं तुला वाटू नये.

पुस्तक जाळलं नाही. कातडं महाग असतं. पानं भिजवून, शाई खरवडून, घोटून पुन्हा लिहिण्याजोगी केली, आणि चार दिवसांपूर्वी कचेरीने ती माझ्याकडे पाठवली. नवी कवनं लिहायला. चिटणीसांना ती कुणाची ते माहीत नव्हतं. मला एका पानावरून कळलं. कातड्याला एक भोक आहे आणि ते बाबांनी शेळीच्या केसांच्या काळ्या दोऱ्याने शिवलेलं आहे, पाच टाके. शाई गेली, टाके राहिले. उजेडात तिरपं धरलं तर अक्षरांची सावली दिसते, पण वाचता येत नाही. मी बराच वेळ धरून बघितलं.

त्या पानावर मी अजून काही लिहिलेलं नाही.

आणखी एक आहे, तेही लपवत नाही. चिटणीस म्हणाले की जप्त केलेल्या ओळी आपल्याच कवनांच्या डोक्यावर शोभत नाहीत. आता चालींना आकडे द्यायचे. पहिली चाल, दुसरी चाल. मी तुला शब्द दिला होता. मी तो त्यांना सांगितला नाही. गप्प बसलो.

अग्गाई

०

ओरहाय
नीसानची आठ तारीख

ताई,

परवा शुक्रवारी हुतात्म्यांचा दिवस होता. दरवर्षीप्रमाणे सकाळी सगळं शहर वेशीबाहेर त्यांच्या थडग्यांकडे निघालं. बिशप पुढे, मागे व्रतस्थ बायका दोन रांगांत, उजवीकडे तबीथाच्या, डावीकडे तरुण. थडग्यांसमोर अंगरख्याच्या चालीवरचं माझं नवं कवन म्हणायचं होतं. हाडांसमोर म्हणायला दुसरं कुठलं शोभणार?

चिटणीसांनी पुकारलं, "चाल सातवी."

उजव्या बाजूने बरोबर उचललं. डाव्या बाजूने आईची अंगाई सुरू केली, मीच शिकवलेली.

तुला कळलंच असेल. तबीथाने तिच्या रांगेतल्या यादीतून शेळी खोडली होती, म्हणून तिथे अंगरखा सातवा. डावीकडच्या यादीत मी खोडायचं विसरलो होतो, तिथे सातवी शेळी आणि अंगरखा आठवा. चिटणीसांना पुकारायचा आकडा मी तबीथाच्या यादीवरून दिला होता. ओळ पुकारली असती तर हे झालं नसतं. शब्द तेच, चाली दोन, आणि एक चाल बाळाला झोपवायची. हुतात्म्यांसमोर अर्ध्या बायका पाळणा हलवत होत्या. मागे कुणीतरी हसलं. मग सगळे थांबले. चिटणीस पुन्हा ओरडले, "सातवी!" आणि पुन्हा तेच झालं. बिशपांची मान लाल झाली. मी खाली बघत उभा होतो.

तेव्हा रस्त्याच्या कडेला, डाळिंबाचा रस विकणाऱ्यांच्या बाजूने, एक आवाज आला. 'उंबऱ्यापाशी अंगरखा काढून ठेवला.' एवढीच ओळ, मोठ्याने, आणि पाठोपाठ दोन टाळ्या.

दोन्ही रांगांनी ती ओळ जशीच्या तशी उचलली. सत्तर बायकांनी, बिशपांच्या समोर. मग माझ्या शब्दांवर आल्या. तिसऱ्या ओळीनंतर सगळ्या मिळून दोन ठोके थांबल्या. ताई, मी अकरा वर्षांत ती चाल इतक्या गळ्यांतून पुरी ऐकली नव्हती.

संपल्यावर बिशपांनी मला बोलावलं. "तो आवाज कुणाचा?"

मला म्हणता आलं असतं, माहीत नाही. मी म्हटलं, "माझ्या बहिणीचा."

"आणि ओळ?"

"माझ्या वडिलांची. झूत्रा विणकराची. चालही त्यांची."

त्यांनी दोन्ही रांगांकडे बघितलं. मग चिटणीसांकडे वळून म्हणाले, "आकड्यांची कल्पना कुणाची?" चिटणीसांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे. "ओळी लिहा," बिशप म्हणाले. "पहिली ओळ, फक्त पहिली. पुढल्या वर्षी मला इथे पाळणा नको."

मी गर्दीत तुला शोधलं. तू गेली होतीस. की तू नव्हतीसच?

माझं कवन खाली लिहितो, पहिली ओळ आता त्या दिवशी गायली तशी, बाबांचीच. तुला न दाखवता ते पुरं झालं असं वाटत नाही.

उंबऱ्यापाशी अंगरखा काढून ठेवला,
घरधनी बाहेर आला, त्याने तो उचलला,
धूळ झाडली, उसवलं तिथे टाके घातले,
म्हणाला, हा तुझाच, घाल आणि आत ये.

अग्गाई

०

कफ्र-रम्मोना
इयारची दोन तारीख

अग्गाई, शांती असो.

मीच होते. तुला मदत करायला आले नव्हते. पुस्तक मागायला आले होते. बिशपांचा रस्ता अडवायचा आणि सगळ्यांसमोर मागायचं, असं ठरवून दीड दिवस गाढवावर बसून आले. वाक्य पाठ केलं होतं. पण चाल चुकलेली ऐकवेना. लहानपणापासून कुणी चुकलं की तोंडातून ओळ जाते, तशी गेली. मग वाक्य राहिलंच. रस प्यायले आणि परत आले.

कवन वाचलं. पहिली ओळ बाबांची. पुढच्या तीन ओळींत तू बाबांशी भांडतोस. बऱ्यापैकी भांडतोस. टाके घातले, हे मला आवडलं. धनी शिवणकाम करतो, हे तुमच्या बिशपांना चालतं का?

पण एक विचारते. हे भांडण तू बाबांशी का केलं नाहीस? ते भांडायला तयार असायचे. जेवताना भांडायचे, मागावर भांडायचे, आजारपणात बर-शब्बाशी भांडून त्यांना बरं वाटायचं. तू एका सकाळी उठून गेलास. तुझ्या बायकोला, नुहामाला, पुरून महिना झाला नव्हता. बाबा संध्याकाळपर्यंत म्हणत होते, अग्गाई लोकर आणायला गेला असेल.

बर-शब्बा तुला शिव्या देतो आणि विचारतो, सत्तर बायका खरंच गायल्या का. मी सांगते, खरंच. मग पुन्हा शिव्या देतो.

शल्मत

०

ओरहाय
हजीरानची अकरा तारीख

ताई, शांती असो.

विचारलंस, म्हणून सांगतो. हे मी माझ्या पापनिवेदनातही नीट सांगितलेलं नाही.

नुहामाच्या कबरीपाशी बाबांनी ते कवन म्हटलं. त्यांनी मायेनेच म्हटलं, मला माहीत आहे. तिचा उजवा अंगठा तुला आठवतो? लहानपणी तंदुरीत भाजून वाकडा झालेला. ती त्या अंगठ्याने भाकरीला खळगा पाडायची, प्रत्येक भाकरीला. बाबा 'अंगरख्या, तुझं ओझं झालं' म्हणाले आणि मला तो अंगठा दिसला. मला तिचा नुसता जीव परत नको होता, ताई. मला अंगठाही हवा होता. तो उठणार नाही असं म्हणणाऱ्या घरात मला राहता येईना, आणि बाबांना हे तोंडावर सांगता येईना. पुढे शहरात कुणीतरी म्हणालं की देहही उठेल, तिथे मी थांबलो. आमच्या गुरुजींचे पाच ग्रंथ मी नंतर वाचले.

आता कामाचं. बाबांच्या शिवलेल्या पानावर मी लिहिलं. डोक्यावर लाल शाईने 'चाल : उंबऱ्यापाशी अंगरखा काढून ठेवला', खाली माझं कवन, टाक्यांना वळसा घालून. ते पान चर्चच्या पुस्तकात बांधलं गेलं. तेराही चालींच्या ओळी आता त्या पुस्तकात आहेत. शेळीची तेवढी मी काढली. तबीथा म्हणाली, ठेवली असती तरी चाललं असतं. बाबांच्या प्रत्येक कवनाची एक ओळ वाचली. बाकीच्या वाचल्या नाहीत. त्या माझ्यामुळे गेल्या.

डाळिंबं पिकतात तेव्हा मला आठ दिवस सुटी मिळेल. मी बाबांच्या कबरीकडे यायची परवानगी मागितली. बिशप म्हणाले, जा. पण पाखंड्याच्या कबरीपाशी प्रार्थना करायची नाही, हा नियम आहे, आणि डीकनने तो मोडायचा नाही. मी तो मोडणार नाही. नियमावर माझा विश्वास आहे. तिथे उभा राहून काय करायचं, तेवढं कळत नाही.

अग्गाई

०

कफ्र-रम्मोना
एलूलची सतरा तारीख

अग्गाई, तुला शांती असो. या वेळी रीत म्हणून नाही.

अंगठा आठवतो. भाकरीचा खळगाही. तुझ्या जाण्याचं कारण मी अकरा वर्षं दुसरंच धरून बसले होते, ते आता सांगत नाही.

तुला एक माहीत नाही. तबीथाने कानांत शब्द जाऊ दिले नाहीत आणि पुस्तक खरवडलं गेलं, म्हणून तुला कळायला मार्ग नव्हता. तू गेल्यावर दोनेक वर्षांनी बाबांनी तिसरी ओळ बदलली. सभेत कुरकुर झाली, चाळीस वर्षांचं कवन असं बदलतात का म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. 'तुझं ओझं झालं' काढलं आणि घातलं, 'अंगरख्या, तू बरा होतास, तुला टाकवत नाही.' का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पुढची ओळ तीच ठेवली, म्हणजे टाकायचाच. मत बदललं नाही त्यांनी. ओळ तेवढी बदलली.

हे कुठे लिहायला तुला मनाई असेल. लिहू नकोस. हे पत्र चुलीत घालायचं की ठेवायचं, ते तुझं तू ठरव.

इथे विहिरीवर आता तुमच्या चर्चची पोरं तुझे शब्द म्हणतात, बर-शब्बा मुद्दाम त्याच वेळी जाऊन बाबांचे म्हणतो. पहिली ओळ सगळे मिळून म्हणतात. दुसरीपासून आरडाओरडा. तिसरीनंतर सगळे दोन ठोके गप्प होतात, कारण चालच तशी आहे, आणि तेवढ्यात कुणाची तरी बादली भरून वर येते.

डाळिंबं फुटायला लागली. ये. माझ्या हातचं पाणी चालत असेल तर हात धुते.

कबरीपाशी प्रार्थना करू नकोस. आम्ही नऊ जण, आता आठ, आमची तिथे करतो, तेवढी पुरे. तू नुसता उभा राहा आणि चाल गुणगुण. शब्द लावू नकोस, त्यांचे नाही आणि तुझे नाही. गुणगुणायला तुमच्याकडे मनाई असल्याचं तबीथाने तरी मला सांगितलेलं नाही.

फक्त तिसऱ्या ओळीनंतर थांब. मी शेजारी असेन. दोन ठोके मी देईन.

शल्मत